बरणी एक, हात आठ

लग्न दोन महिन्यांवर आलेल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. रिसेप्शनला 16 टेबलं आणि प्रत्येकाभोवती 8 खुर्च्या असणार आहेत. टेबलांच्या मधोमध सजावट म्हणून (हल्लीच्या भाषेत 'सेंटरपीस') ठेवायला तिच्या आईने गेले पाच महिने बसून काचेच्या बरण्यांवर रंगीत दोऱ्याची जाळी विणली आहे, आणि त्या दिवशी त्यांत ताजी फुलं असतील. समारंभ संपताना या बरण्या पाहुण्यांना द्यायच्या, एवढं ठरलं आहे. कशा द्यायच्या, यावर मात्र घरात एकमत नाही. तिला एखादा खेळ घ्यायचा आहे. होणाऱ्या नवऱ्याच्या आत्या म्हणाल्या, "लग्न आहे, लहान मुलाचा वाढदिवस नव्हे." मागे नात्यातल्या एका लग्नात 'ज्याला हवं त्याने न्यावं' असं जाहीर झालं आणि जी ओढाताण झाली, ती तिने पाहिली आहे. आई काहीच बोलत नाही, 'तुम्हाला हवं ते करा' म्हणते. ती विचारते, "ताई, कुणाचं मन दुखावणार नाही आणि सगळ्यांना मजा येईल, असा एखादा खेळ सांगाल का?"

प्रिय मैत्रिणी,

खेळ सांगते, नक्की सांगते. पण त्याआधी तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा थांबवते. तू खेळाबद्दल तीन परिच्छेद लिहिलेस, आत्यांबद्दल दोन, आणि आईबद्दल एकच ओळ. जिच्या बोटांखालून या 16 बरण्या गेल्या, तिचं म्हणणं 'तुम्हाला हवं ते करा' एवढ्यावर संपलं असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही. पाच महिने विणलेली वस्तू अनोळखी घरात जाणार, ती तिथे नीट ठेवतील की तिच्यात पेनं कोंबतील, हे प्रश्न तिच्या मनात येत असणारच. लेकीच्या लग्नात आपल्या इच्छेची अडचण नको, म्हणून ती गप्प असेल. तेव्हा पहिलं काम हे कर: सगळ्या बरण्या एका रांगेत मांड आणि आईला विचार, यातली तुला स्वतःला कुठली हवी? ती आधी बाजूला काढ. आणखी कुणाला नक्की द्यायची असेल तर तेही विचार. मग टेबलांसाठी कमी पडल्या तर दोन टेबलांवर नुसती फुलं ठेवू आणि तिथल्या विजेत्याला तीच देऊ. त्याने काही बिघडत नाही.

आता दुसरं गृहीतक. खेळ कशासाठी? बरणी कुणाला द्यायची ते ठरवण्यासाठी, असं तू धरलं आहेस. तेवढंच असेल तर प्रत्येक टेबलावर आठ चिठ्ठ्या टाकल्या की दोन मिनिटांत काम झालं. माझ्या मते खेळ असतो तो न जिंकणाऱ्या सात जणांसाठी. रिसेप्शनच्या टेबलावर बहुतेक वेळा चार ओळखीचे आणि चार अनोळखी बसलेले असतात. नवरीची मैत्रीण आणि नवऱ्याच्या ऑफिसमधले साहेब समोरासमोर बसून तासभर एकमेकांकडे पाहून नुसते हसत असतात. चांगल्या खेळाने या आठ जणांना एकमेकांशी बोलायला निमित्त मिळतं. बरणी ज्याच्याकडे जाईल त्याचं बाकी सातांनी मनापासून कौतुक केलं, तर खेळ साधला. याच मोजपट्टीने आपण एकेक खेळ बघू.

सगळ्यात प्रचलित खेळापासूनच सुरुवात करते, कारण त्यालाच माझा सगळ्यात जास्त विरोध आहे. 'ज्यांच्या लग्नाला सर्वांत जास्त वर्षं झाली त्या जोडप्याला सेंटरपीस.' ऐकायला किती गोड वाटतं! एका रिसेप्शनला मी अशाच टेबलावर होते. निवेदकाने नियम सांगितला, सगळे हसत हसत आकडे सांगू लागले. बारा, एकवीस, तेहेतीस. माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "आमची चाळीस झाली होती." त्यांचे यजमान त्याच वर्षी गेले होते. टेबल एकदम गप्प झालं. कुणीतरी घाईघाईने फुलदाणी त्यांच्यापुढे सरकवली, आणि त्या तिच्याकडे न बघता घटकाभर बसून राहिल्या. खेळ सुचवणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण 128 माणसांत कुणी एकटं राहिलेलं असतं, कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाचं लग्न जमता जमत नसतं. हा प्रश्न त्या सगळ्यांना आपलं आयुष्य टेबलावर मांडायला लावतो. म्हणून माझा नियम असा: ज्या प्रश्नाचं उत्तर देताना एखाद्याला घसा खाकरावा लागेल, तो प्रश्न खेळात नको. सर्वांत मोठं वय कुणाचं, मुलं किती, पाकिटात सगळ्यात जास्त नोटा कुणाच्या, हे सगळे प्रश्न यातच आले.

'सगळ्यात लांबून कोण आलं' हा खेळ निरुपद्रवी आहे, गप्पाही छान रंगतात. अडचण वेगळीच आहे. सर्वांत लांबून आलेला माणूस म्हणजे काचेची बरणी न्यायला सर्वांत अडचण असलेला माणूस! आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या सामानात 100 मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतलं पाणी बहुतेक ठिकाणी चालत नाही. म्हणजे बरणी रिकामी करा, फुलं कुणाला तरी द्या, काच कपड्यांत गुंडाळा. असा विजेता बऱ्याचदा बरणी हळूच टेबलाखाली ठेवून जातो, आणि ती रात्री आईलाच सापडते.

खुर्चीखाली किंवा ताटलीखाली स्टिकर लावणं सोपं आहे, म्हणून सगळे करतात. पण खुर्च्या एका जागी राहत नाहीत. एका टेबलावर मंडळी वाढली की शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली जाते, मग एका टेबलावर दोन विजेते आणि दुसऱ्यावर एकही नाही. ताटली तर वाढपी वेळेआधी उचलून नेतो. शिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला भर समारंभात वाकून खुर्चीखाली बघायला लावणं मला प्रशस्त वाटत नाही. नशिबावरच सोडायचं असेल तर आईच्या उरलेल्या दोऱ्यांचे तुकडे वापर. प्रत्येकाच्या नावाच्या कार्डाला एक दोरा बांधायचा, आणि आठांतल्या एकाचाच रंग त्या टेबलावरच्या बरणीच्या जाळीशी जुळेल असा ठेवायचा. 'तुमचा दोरा कुठल्या रंगाचा?' असं विचारत माणसं आपोआप पुढे झुकतात. ती खुर्ची रिकामी असली तर तिच्या उजवीकडचा विजेता, हे आधीच सांगून टाकायचं.

वाढदिवसाच्या खेळात लोक एक चूक हमखास करतात. 'या महिन्यात कुणाचा वाढदिवस आहे?' असं विचारतात. गणित करून बघ: 8 जणांच्या टेबलावर एखाद्या ठरावीक महिन्यात कुणाचाच जन्म नसण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. म्हणजे तुझ्या 16 टेबलांपैकी सात-आठ टेबलं नुसती एकमेकांची तोंडं बघत बसतील, आणि एखाद्या टेबलावर तिघं उभे राहतील. त्याऐवजी 'लग्नाच्या तारखेच्या सर्वांत जवळचा वाढदिवस' असं विचार. मागे किंवा पुढे, दोन्हीकडचे दिवस मोजायचे. विजेता प्रत्येक टेबलावर मिळतोच. दिवस सारखेच निघाले तर ज्याचा वाढदिवस अजून यायचा आहे तो जिंकला. फक्त दिवस आणि महिना विचारायचा, साल नाही. आधी थोडं वातावरण तयार करायचं असेल तर 'तुमच्या टेबलावर एकाच महिन्यात जन्मलेले दोघं शोधा' असं सांग. आठ जणांत अशी जोडी सापडण्याची शक्यता 95 टक्के आहे, म्हणजे तुझ्या सोळांपैकी पंधरा टेबलांवर तरी हशा पिकेल.

नवरा-नवरीवरच्या प्रश्नमंजूषेबद्दल तू विचारलं आहेस. जवळच्यांना ती फार आवडते, पण मैत्रिणीचा नवरा किंवा ऑफिसमधली मंडळी पहिल्या प्रश्नालाच बाद होतात आणि मोबाइल काढतात. माहिती विचारणारा खेळ आपल्या माणसांचाच राहतो. अंदाज विचारला, तर नवरीची सख्खी बहीण आणि पहिल्यांदाच भेटणारा पाहुणा एका पातळीवर येतात.

म्हणून माझा पहिला खेळ अंदाजाचा, आणि तो तुझ्या घरातच तयार आहे. प्रत्येक टेबलावर आठ चिठ्ठ्या आणि दोन पेन्सिली ठेव. प्रश्न एकच: 'समोरच्या बरणीवरची जाळी विणायला किती मीटर दोरा लागला असेल?' ज्याचा अंदाज खऱ्या आकड्याच्या सर्वांत जवळ, बरणी त्याची. विचार कर, त्या पाच मिनिटांत 128 माणसं तुझ्या आईचं काम निरखून बघतील. कुणी बरणी फिरवेल, कुणी टाके मोजेल, विणकाम येणारी एखादी बाई एकदम टेबलाची तज्ज्ञ होईल आणि बाकीचे तिचं ऐकतील. एरवी सेंटरपीसकडे कुणी इतकं बघत नाही गं. फुलं आहेत, छान आहेत, संपलं.

खरा आकडा काढायला जाळी उसवायची गरज नाही. दोऱ्याच्या गुंड्याच्या वेष्टनावर वजन आणि लांबी बहुतेक वेळा दोन्ही छापलेलं असतं. एक रिकामी बरणी आणि तशीच एक जाळी घातलेली बरणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव, फरक काढ. समज, वेष्टनावर 100 ग्रॅमला 200 मीटर लिहिलं आहे आणि फरक 15 ग्रॅम आला, तर दोरा 30 मीटर. बरण्यांचे आकार वेगवेगळे असतील तर एकच बरणी 'प्रश्नाची बरणी' ठरव आणि अंदाज तिचाच, हे सगळ्या टेबलांना ती दाखवून सांग, नाहीतर एखादा चिकित्सक पाहुणा वाद घालेल, आणि त्याचंही बरोबरच असेल.

उत्तर आईने सांगावं. स्टेजवर जाऊन नाही, तिच्या खुर्चीवरून, हातात माइक घेऊन, फक्त आकडा. पण हे तिला आधी विचार. आयत्या वेळी माइक पुढे करून तिला चकित करायच्या फंदात पडू नकोस. तिने नको म्हटलं तर आकडा तू सांग, आणि ती कुठे बसली आहे ते दाखव.

इथेच आत्यांबद्दल बोलते. त्यांना खेळ पोरकट वाटतो, असं तू मानलंस. मला त्यांच्या बोलण्यात एक रास्त भीती ऐकू येते. समारंभात खेळ म्हटलं की कुणाला तरी मधोमध ओढतात, नाचायला लावतात, नाव पुकारून उभं करतात. वयाने मोठी माणसं अशा वेळी फार अवघडून जातात, आणि वर कुणी 'काय हो, एवढंही जमत नाही?' म्हणतं. आत्यांना तेच नको असेल. त्यांना सांग, कुणालाही खुर्ची सोडावी लागणार नाही, कुणाचं नाव पुकारलं जाणार नाही, सगळी टेबलं एकाच वेळी खेळतील आणि सात मिनिटांत सगळं आटपेल. मग त्यांचं काय म्हणणं पडतं ते बघ.

वेळेचंही सांगते. जेवण अर्ध्यावर आलं की खेळ घ्यावा. शेवटी ठेवलास तर लांबची मंडळी निघून गेलेली असतात आणि टेबलावर तीन जण उरलेले असतात. नियम दोन वाक्यांत मावला पाहिजे. तिसरं वाक्य लागलं की मागच्या टेबलावरचे 'काय म्हणाले?' विचारू लागतात. आणि विजेत्याला एक मोकळीक जाहीरपणे दे: बरणी स्वतः ठेवा किंवा टेबलावरच्या कुणालाही द्या. ज्याला नको आहे त्याची यात सुटका होते, आणि काही जण अशी सुंदर माणसं निवडतात की बघत राहावं.

ज्या वाचकांच्या सेंटरपीस डेकोरेटरकडून येणार आहेत त्यांनी आधी एक विचारून घ्यावं: फुलदाणी आपली की भाड्याची? बऱ्याचदा फुलं तेवढी आपली असतात, काच आणि स्टँड रात्रीच परत द्यायचे असतात. तसं असेल तर फुलं बांधून द्यायला कागद आणि दोरी तयार ठेवा. फुलं हिरव्या फोममध्ये खोचलेली असतील तर देताना त्यावर थोडं पाणी घाला, कारण तो एकदा सुकला की पुन्हा नीट पाणी धरत नाही. मेणबत्ती असेल तर खेळाआधी विझवा. आणि फुलांत लिली असतील तर मांजर पाळणाऱ्यांना जरूर सांगा. लिलीने मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात, नुसते परागकण चाटले तरीही. खरं तर घरोघरी जाणाऱ्या फुलांत लिली नसलेल्याच बऱ्या.

तुझ्या बरण्यांना एक छोटी चिठ्ठी बांध. 'ही जाळी माझ्या आईने विणली आहे. रोज पाणी बदला, देठ थोडे तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. फुलं सुकली तरी बरणी ठेवा.' यापुढे काही लिहायला नको.

राहिला तो वस्तू फिरवण्याचा खेळ, जो तुला मनातून सगळ्यात जास्त हवा आहे असं पत्रावरून वाटलं. संगीत थांबेल तेव्हा ज्याच्या हातात बरणी, तो जिंकला. यात बरणी मुळीच फिरवू नकोस. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, त्यात काचेचं वजन मिळव. भरजरी कपड्यांवरून आठ हातांतून ती जाणार म्हणजे एकदा तरी सांडणारच. चमचा फिरवा. आणि संगीतापेक्षा गोष्ट घ्या, कारण संगीतात धसमुसळेपणा होतो आणि गोष्ट कान देऊन ऐकावी लागते. 'उजवा' शब्द कुठल्याही रूपात आला की चमचा उजवीकडे, 'डावा' आला की डावीकडे. नुसता 'डाव' आला तर चमचा जागेवर. तिथे निम्मं टेबल फसतं. चमचा सुरुवातीला कुणाकडे असावा? ज्याच्या नावात सर्वांत कमी अक्षरं, त्याच्याकडे.

मी तुझ्यासाठी गोष्ट लिहिली आहे:

"आज सकाळी नवरी उठली ती उजव्या कुशीवर. चष्मा शोधायला तिने डावा हात पुढे केला, तर चष्मा उजव्या बाजूला. घाईत डाव्या पायातली चप्पल गेली उजव्या पायात. आरशासमोर बसली, तर उजव्या कानातलं सापडेना. बहीण म्हणाली, उजवीकडच्या खणात बघ. तिकडे नवऱ्याची गाडी निघाली आणि चौकात डावीकडे वळायची ती उजवीकडे वळली. सगळ्यांना वाटलं, आता डाव उधळला! पण थोडं पुढे गेल्यावर उजव्या हाताला फुलांनी सजवलेलं दार दिसलं. आत आईने दोघांना जवळ घेतलं, एकाला डावीकडे, एकाला उजवीकडे, आणि म्हणाली, माझ्याकडे कुणी डावं नाही, कुणी उजवं नाही."

यात 'उजवा' 9 वेळा आहे आणि 'डावा' 5 वेळा. तू स्वतः गोष्ट लिहिलीस तर ही वजाबाकी नक्की कर. उत्तर 0 किंवा 8 आलं, तर आठ जणांच्या टेबलावर चमचा जिथून निघाला तिथेच परत येतो आणि सगळ्यांचा विरस होतो. इथे उत्तर 4 आहे. कुणी घोटाळा केला नाही, तर चमचा फिरत फिरत नेमका समोरच्या खुर्चीवर जाऊन थांबेल. एरवी संध्याकाळभर फुलांच्या आड बसलेला असतो ना, त्या माणसाकडे. तुझ्या बरण्या मात्र बुटक्याच ठेव: कोपर टेबलावर टेकवून मूठ वर केली की फुलं मुठीच्या खाली राहिली पाहिजेत.

दोरा मोजायला आईला बरं वाटलं तर पहिला खेळ घे. नाहीतर ही गोष्ट आहेच, आणि ती वाचायला मी आत्यांना विचारलं असतं. ज्या बाईला मजेपेक्षा मान जास्त प्रिय आहे, ती गोष्ट सावकाश आणि स्पष्ट वाचेल. पण कागद आजच नेऊन दे, म्हणजे चष्मा लावून दोनदा वाचून बघायला त्यांना वेळ मिळेल.

तुझी,
ताई